शोधयंत्र आणि ग्रंथालय : काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या संदर्भशोधाच्या निमित्ताने एक चिकित्सा

सारांश : महाविद्यालयीन संशोधनात आंतरजालावरील शोधयंत्रांचा वापर आता सर्वमान्य झाला आहे. ग्रंथालय आणि आंतरजाल ही दोन्ही साधने परस्परपूरक आहेत, असे सर्वत्र म्हटले जाते. तथापि ती नेमकी कोठे आणि कशी पूरक ठरतात, याची चिकित्सा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचा विषय उदाहरणादाखल घेऊन या दोन्ही साधनांच्या सामर्थ्याची व मर्यादांची तपासणी केली आहे. शोधयंत्र संदर्भ दाखविते, परंतु त्याची ग्वाही देत नाही. ग्रंथालय ग्वाही देऊ शकते, परंतु आपल्याजवळ काय आहे हे पुष्कळदा सांगत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : शोधयंत्र, ग्रंथतालिका, संदर्भसेवा, प्राथमिक साधने, काळाराम मंदिर सत्याग्रह, नाशिक.

१. प्रस्तावना

संशोधनविषयाची निश्चिती झाली की पूर्वी अभ्यासकाची पावले ग्रंथालयाकडे वळत. तालिकेतील पत्रिका चाळणे, ग्रंथपालाशी चर्चा करणे, एका ग्रंथाच्या संदर्भसूचीवरून दुसऱ्या ग्रंथाकडे जाणे, असा तो क्रम होता. आज हा क्रम उलटला आहे. प्रथम शोधपेटीत दोन-चार शब्द लिहिले जातात आणि तेथे जे सापडते त्यावरून विषयाची व्याप्ती ठरते. ग्रंथालयात जाणे झालेच, तर ते आधीच ठरलेल्या ग्रंथाची प्रत मिळविण्यापुरते उरते.

या बदलाबद्दल केवळ खेद व्यक्त करणे निरर्थक होय. गूगलची स्थापना १९९८ मध्ये झाली, २००४ मध्ये ‘गूगल स्कॉलर’ सुरू झाले आणि विद्वत्तापूर्ण लेखनाचा शोध अभ्यासकाच्या मेजावर आला. इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारामुळे भारतीय विद्यापीठांतील प्रबंध घरबसल्या वाचता येऊ लागले, तर ‘एन-लिस्ट’ योजनेमुळे अनुदानित महाविद्यालयांनाही हजारो ई-नियतकालिके व ई-ग्रंथ उपलब्ध झाले. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. त्या कसोटीवर शोधयंत्राची कामगिरी निर्विवाद मोठी आहे.

प्रश्न वेळेचा नसून विश्वासार्हतेचा आहे. शोधयंत्राने दिलेली यादी म्हणजेच उपलब्ध ज्ञान, असा समज रूढ होऊ लागला की जे आंतरजालावर नाही ते अस्तित्वातच नाही, असे गृहीत धरले जाते. मराठी भाषेतील, स्थानिक आणि विशेषतः वंचित समाजांच्या इतिहासाशी निगडित विषयांत या गृहीतकाची किंमत फार मोठी आहे. नाशिकमधील एका सुपरिचित विषयाच्या आधारे ती पाहता येईल.

२. शोधयंत्राच्या पहिल्या पानावरील सत्याग्रह

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि भाऊराव कृष्णाजी ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांच्या संघटनकौशल्याच्या बळावर नाशिक येथे २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहास आरंभ झाला. हा विषय शोधयंत्रात घातल्यास विश्वकोशीय स्वरूपाच्या नोंदी, स्मृतिदिनानिमित्त लिहिलेले वृत्तपत्रीय लेख, स्पर्धा परीक्षांसाठीची टिपणे आणि चित्रफिती समोर येतात. विषयाची तोंडओळख होण्यास एवढे पुरेसे असते. मुख्य व्यक्ती, ठळक तारखा आणि घटनाक्रम काही मिनिटांत हाती लागतात.

मात्र ही पाने एकमेकांशेजारी ठेवून वाचल्यास एक गोष्ट ध्यानात येते. त्यांतील मजकूर बव्हंशी एकसारखा असतो आणि ही एकवाक्यता स्वतंत्र साक्षींची नसून एकाच उगमातून झालेल्या पुनरावृत्तीची असते. एका चरित्रग्रंथातील परिच्छेद संक्षेपाने एका लेखात येतो, त्या लेखावरून टिपण तयार होते आणि टिपणावरून चित्रफीत. दहा ठिकाणी आढळलेले विधान दहा पुराव्यांनी सिद्ध झाले, असे वाचकास वाटते. प्रत्यक्षात पुरावा एकच असतो आणि पुष्कळदा त्याचा नामोल्लेखही नसतो.

याचे एक उदाहरण रथोत्सवाच्या दिवसाचे आहे. सत्याग्रहाच्या पहिल्या वर्षी रामाचा रथ ओढण्यावरून संघर्ष झाला. त्याची तारीख ९ एप्रिल १९३० अशी दिली जाते आणि त्या दिवसाचे वर्णन अनेक ठिकाणी ‘रामनवमी’ असे केले जाते. नाशिकच्या परंपरेची माहिती असलेल्या वाचकास येथे थबकावे लागते. नाशिकमधील श्रीराम व गरुड यांच्या रथांचा उत्सव चैत्र शुद्ध नवमीस नव्हे, तर चैत्र शुद्ध एकादशीस, म्हणजे कामदा एकादशीस होतो. मग ९ एप्रिल ही नवमी की एकादशी? संघर्ष जन्मोत्सवाच्या दिवशीचा की रथयात्रेच्या दिवशीचा? शके १८५२ चे पंचांग आणि त्या आठवड्यातील वृत्तपत्रांचे अंक समोर ठेवले तर या प्रश्नाचा निकाल लावता येतो. तथापि शोधयंत्राच्या पहिल्या पानावर हा प्रश्न उपस्थितच होत नाही. कारण तेथे ‘रामनवमी’ आणि ‘रथ’ हे शब्द एकाच वाक्यात सुखेनैव नांदत असतात.

सत्याग्रहाच्या समाप्तीविषयीही अशीच संदिग्धता आढळते. काही ठिकाणी १९३४, तर काही ठिकाणी १९३५ हे वर्ष दिले जाते. ३ मार्च १९३४ रोजी डॉ. आंबेडकरांनी गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात मंदिरप्रवेशाच्या चळवळीविषयी बदललेली भूमिका स्पष्ट केली आहे, तर नाशिक जिल्ह्यातीलच येवला येथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी झालेल्या परिषदेत धर्मांतराची घोषणा झाली. समाप्ती कशास म्हणावयाचे, नेत्याच्या निर्णयास की परिषदेतील जाहीर घोषणेस, हा अर्थनिर्णयनाचा प्रश्न आहे. दोन संकेतस्थळांवरील दोन वर्षांपैकी एक निवडून तो सुटत नाही; त्यासाठी पत्र आणि परिषदेचा वृत्तान्त ही दोन्ही साधने वाचावी लागतात.

३. साधनांतील पोकळी आणि तिचे ज्ञान

संदर्भशोधात काय उपलब्ध आहे हे कळणे जितके महत्त्वाचे, तितकेच काय उपलब्ध असू शकत नाही हे कळणेही महत्त्वाचे असते. डॉ. आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक १९२७ मध्ये सुरू झाले आणि १९२९ मध्ये बंद पडले. ‘जनता’ हे पत्र २४ नोव्हेंबर १९३० रोजी सुरू झाले. म्हणजे मार्च १९३० मध्ये सत्याग्रहास प्रारंभ झाला तेव्हा ही दोन्ही पत्रे निघत नव्हती. सत्याग्रहाच्या पहिल्या आणि सर्वांत तणावपूर्ण महिन्यांतील वृत्तान्तासाठी अभ्यासकास त्यामुळे इतरांच्या वृत्तपत्रांवर, शासकीय अहवालांवर, पत्रव्यवहारावर आणि पुढील काळातील आठवणींवर अवलंबून राहावे लागते. यांपैकी प्रत्येक साधनाची बाजू निराळी, हेतू निराळा. सत्याग्रहींचा आवाज या महिन्यांपुरता बहुतांशी दुसऱ्याच्या लेखणीतून ऐकावा लागतो, ही जाणीव ज्या प्रबंधात नसेल त्याचे विवेचन कितीही तपशीलवार असले तरी एकांगी होण्याचा धोका संभवतो.

शोधयंत्र ही पोकळी दाखवू शकत नाही. त्याला मागितलेले शब्द जेथे आहेत तेथवरच त्याची धाव असते. अभावाची नोंद ते घेत नाही. याउलट नियतकालिकांची कालानुक्रमी सूची समोर असली की दोन पत्रांमधील अंतर डोळ्यांस दिसते. मराठी संशोधनात सूचिग्रंथांचे महत्त्व येथेच आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या कालखंडातील मराठी ग्रंथांची सूची १९४३ मध्ये आणि १९३८ ते १९५० या कालखंडाची सूची १९६१ मध्ये सिद्ध केली. ‘दाते सूची’ या नावाने परिचित असलेल्या या कार्यातून आजही जे कळते ते शोधयंत्राच्या यादीतून कळत नाही, कारण सूचीला आरंभ असतो, मर्यादा असते आणि आपण कोणत्या क्षेत्राची झडती घेतली हे ती सांगते. शोधयंत्राच्या यादीस असा जाहीर परीघ नसतो.

४. लिपी, लेखनभेद आणि अदृश्य मजकूर

मराठी अभ्यासकापुढील दुसरी अडचण भाषेची आहे. आजचे ‘नाशिक’ जुन्या मराठी मजकुरात ‘नासिक’ असे आढळते; १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या सोळाव्या खंडातील इंग्रजी रूपही आजच्या रूपाहून भिन्न आहे. त्रिरश्मी लेण्यांतील शिलालेखांवर काम करणाऱ्यास एकच व्यक्ती ‘उषवदात’, ‘उषभदात’ आणि ‘ऋषभदत्त’ अशा रूपांनी भेटते. त्यात मराठीच्या विभक्तिप्रत्ययांची भर पडते. ‘सत्याग्रह’, ‘सत्याग्रहाचा’, ‘सत्याग्रहींनी’ ही रूपे वाचकास एकाच विषयाची वाटतात. यंत्रास ती तशी वाटतीलच याची शाश्वती नसते. ग्रंथालयातील विषयशीर्षकांची पद्धती ही अडचण दूर करण्यासाठीच निर्माण झाली. ग्रंथाच्या शीर्षकात शब्द कोणताही असो, विषय एका निश्चित शीर्षकाखाली नोंदविला जातो. नाशिक येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परिसरातील वैद्यकीय अभ्यासकास ‘पबमेड’वर अशा नियंत्रित विषयशीर्षकांचा लाभ मिळतो. मराठी इतिहास वा साहित्य यांच्या अभ्यासकास आंतरजालावर तसा आधार जवळजवळ नाही.

याहून गंभीर बाब अदृश्य मजकुराची आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी टंकसंचांत जुळविला जाई. त्यातून तयार झालेली पीडीएफ पाने डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतात, परंतु यंत्रास ती निरर्थक चिन्हांची रांग भासतात. महाविद्यालयीन नियतकालिकांतील मागील वीस-पंचवीस वर्षांचे पुष्कळसे मराठी लेखन याच अवस्थेत आहे. ते प्रसिद्ध झाले आहे, संकेतस्थळावरही आहे, आणि तरीही शोधात सापडत नाही. नवा अभ्यासक त्याच विषयावर ‘यापूर्वी संशोधन झालेले नाही’ असे लिहितो आणि ते विधान कोणी तपासत नाही. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ प्रकल्पात चित्रांकित झालेल्या अनेक जुन्या मराठी ग्रंथांची गत थोडी निराळी आहे. ते आज ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर वाचता येतात, परंतु त्यांची शीर्षके रोमन लिपीत आणि पुष्कळदा चुकीच्या वर्णांत नोंदलेली असल्यामुळे मूळ मराठी शीर्षकाने शोधणाऱ्यास ती मिळत नाहीत. शीर्षकाची वेडीवाकडी रोमन रूपे कल्पून पाहणाऱ्यासच त्यांचा लाभ होतो.

५. ग्रंथालयाची बाजू आणि तिच्यातील उणिवा

येथवरच्या विवेचनावरून ग्रंथालय निर्दोष ठरते असे नव्हे. नाशिकला ग्रंथालयांची परंपरा मोठी आहे. सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० ची. महाराष्ट्रातील जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. हं. प्रा. ठा. महाविद्यालय १९२४ पासून कार्यरत आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून येथे आहे. तथापि या शहरातील सर्व ग्रंथालयांत एखाद्या विषयावर एकत्रितपणे काय आहे हे एका ठिकाणी पाहण्याची सोय नसेल, तर ती समृद्धी अभ्यासकाच्या उपयोगी पडत नाही. मुक्त विद्यापीठाचा दूरस्थ विद्यार्थी शोधयंत्राकडे वळतो तो आळसाने नव्हे. त्याच्या गावापासून ग्रंथालयाच्या कपाटापर्यंत रस्ताच दाखविलेला नसतो.

महाविद्यालयीन ग्रंथालयांतील संगणकीय तालिका बहुधा ग्रंथाच्या शीर्षकापाशी थांबते. गौरवग्रंथातील लेख, स्मरणिकेतील आठवणी, बांधीव खंडांतील नियतकालिकांचे अंक यांची लेखनिहाय नोंद क्वचितच होते. स्थानिक इतिहासाची साधने नेमकी याच प्रकारच्या साहित्यात दडलेली असतात. सत्याग्रहात सहभागी झालेल्या एखाद्या गावकऱ्याची आठवण एखाद्या स्मरणिकेत छापलेली असेल आणि त्या स्मरणिकेची नोंद केवळ ‘स्मरणिका’ अशी असेल, तर ती आंतरजालावर नसल्याइतकीच ग्रंथालयातही नाही.

उलट काही बाबतींत आंतरजालाने ग्रंथालयास मागे टाकले आहे, हे मान्य करावयास हवे. नाशिक लेण्यांतील शिलालेखांचे एमिल सेनार यांनी केलेले संपादन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात आहे. जी ग्रंथमाला पाहण्यासाठी एके काळी मोठ्या शहरातील संशोधनसंस्थेत जावे लागे, ती आज कोणत्याही तालुक्याच्या गावी वाचता येते. डॉ. आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले खंडही आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत. गौतमी बलश्रीच्या लेखावरील एखादे पर्यटनपर टिपण आणि सेनार यांचे संपादन ही दोन्ही एकाच आंतरजालावर आहेत. कोणत्या साधनाकडे वळावयाचे हे ज्यास ठाऊक आहे त्यास आंतरजाल हेच ग्रंथालय ठरते. ज्यास ठाऊक नाही तो पहिल्या पानावरच थांबतो. हा विवेक शिकविण्याचे स्थान मात्र आजही ग्रंथालय आणि वर्ग हेच आहे.

६. उसने संदर्भ : नीतीचा प्रश्न

शोधयंत्राच्या सोयीतून उद्भवणारा सर्वांत गंभीर दोष म्हणजे न पाहिलेल्या साधनाचा संदर्भ देणे. संकेतस्थळावरील लेखात एखाद्या शासकीय साधनग्रंथाचा उल्लेख असतो. अभ्यासक तो उल्लेख उचलून आपल्या तळटीपेत मूळ ग्रंथ पाहिल्याप्रमाणे देतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम लागू केले आणि मजकुरातील साम्याच्या टक्केवारीनुसार स्तर ठरविले. साम्य मोजणारी प्रणाली वाक्यांचे साम्य दाखवू शकते. तळटीपेतील ग्रंथ अभ्यासकाने उघडला होता की नाही, हे ती सांगू शकत नाही. टक्केवारी शून्य असूनही संदर्भ पूर्णतः उसने असू शकतात.

अलीकडील काळात कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या उत्तरप्रणालींमुळे या प्रश्नास नवे परिमाण प्राप्त झाले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाले आणि शोधयंत्रेही आता दुव्यांच्या आधी तयार सारांश देऊ लागली आहेत. या प्रणाली काही वेळा अस्तित्वात नसलेले ग्रंथ व लेख अस्सल भासणाऱ्या तपशिलांसह पुरवितात. जुन्या पद्धतीत निदान उसना घेण्यासाठी कोणीतरी लिहिलेला संदर्भ तरी असे. येथे तोही नसतो. दुसरीकडे, नियतकालिकांच्या दर्जासाठी आधार मानली जाणारी ‘यूजीसी-केअर’ यादी २०२५ मध्ये बंद करण्यात आली. त्यामुळे नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात संस्थांवर आणि मार्गदर्शकांवर आली आहे. अशा वेळी मार्गदर्शकाने विद्यार्थ्यास ‘हा संदर्भ कोठे पाहिला?’ हा साधा प्रश्न विचारणे, हीच सर्वांत परिणामकारक तपासणी होय.

७. एकत्रित वापराची रीत

वरील चिकित्सेवरून दोन्ही साधनांच्या एकत्रित वापराचा एक क्रम सुचविता येतो. प्रथम कोश, सूची आणि चरित्रग्रंथ यांच्या आधारे विषयाची रूपरेषा, कालमर्यादा आणि नावांचे सर्व लेखनभेद टिपून घ्यावेत. धनंजय कीर यांचे एकखंडी आणि चां. भ. खैरमोडे यांचे बहुखंडी आंबेडकरचरित्र एकत्र वाचले तरी कोणते प्रश्न अनिर्णित आहेत हे उमजते. त्यानंतर त्या लेखनभेदांसह, देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत, शोधयंत्राचा वापर करावा. मिळालेल्या प्रत्येक विधानाचा उगम शोधत मागे जावे आणि जेथे उगम थांबतो ते साधन ग्रंथालयात अथवा अभिलेखागारात प्रत्यक्ष पाहावे. काळाराम सत्याग्रहाच्या बाबतीत हा मार्ग महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आंबेडकर-चळवळीच्या साधनग्रंथापर्यंत आणि तेथून मुंबईतील राज्य पुराभिलेखागारापर्यंत जातो. शेवटी, ग्रंथालयात आढळलेली नवी नावे व तारखा घेऊन पुन्हा शोधयंत्राकडे यावे. या दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीत न दिसलेले साहित्य हाती लागण्याची शक्यता असते, कारण आता विचारलेला प्रश्न अधिक नेमका असतो.

महाविद्यालयांच्या पातळीवर तीन कामे तातडीची आहेत. आपल्या नियतकालिकांतील जुने मराठी लेख युनिकोडमध्ये रूपांतरित करणे, संग्रहातील स्मरणिका व बांधीव खंडांची लेखनिहाय सूची करणे आणि ती सूची सर्वांस पाहता येईल अशा रीतीने खुली ठेवणे. ही कामे खर्चिक नाहीत; त्यांस चिकाटी लागते. मराठी, इतिहास आणि ग्रंथालयशास्त्र या विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत त्यांचा समावेश केल्यास काही वर्षांत शहराची एक संयुक्त स्थानिक सूची उभी राहू शकेल.

८. निष्कर्ष

शोधयंत्र आणि ग्रंथालय यांतील निवड हा खरा प्रश्न नाही. पहिले वेगाने दाखविते, परंतु उगम, परीघ आणि अभाव यांविषयी मौन बाळगते. दुसऱ्याजवळ साधने असतात, परंतु त्यांची पुरेशी नोंद नसल्यामुळे तेही मौनच बाळगते. या दोन मौनांच्या मध्ये स्थानिक इतिहास हरवतो. काळाराम मंदिराच्या दारांशी उभ्या राहिलेल्या सत्याग्रहींपैकी किती जणांची नावे पुढील पिढीच्या अभ्यासकास मिळतील, हे शोधयंत्राच्या प्रगतीपेक्षा नाशिकच्या महाविद्यालयांनी आपल्या कपाटांतील कागद नोंदवून ठेवले की नाही, यावर अवलंबून राहील. आंतरजालावर मराठीचा आणि नाशिकचा ठेवा अपुरा आहे, ही तक्रार योग्य असली तरी तो ठेवा ज्यांच्या हाती आहे त्यांच्यावरच ती प्रथम येऊन ठेपते.